दाढीत बोलायचे नाही

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पाइप ओढत आणि दाढी ब्रशने फेस काढून, जुन्या धाटणीच्या लोखंडी रेझरने करत. एका दुपारी चहाच्या वेळी त्यांनी स्वतःच तो विषय काढला. पाइप ओढणारा माणूस बहुधा ब्रशनेच दाढी करतो, असे त्यांनी परदेशात पाहिले होते; डब्यातून फुसकन निघणारा फेस आणि प्लास्टिकचा रेझर अशा माणसाला चालत नाही. इंटरनेटवर तर अशा लोकांचे अड्डेच होते आणि तेथे ब्रशच्या केसांवर पाने भरभरून चर्चा चालत. "कारण सोपं आहे," ते म्हणाले, "दोन्हींना धीर लागतो. घाई करणाऱ्याचा पाइप विझतो आणि घाई करणाऱ्याचा गाल कापतो. ही धीराची माणसं असतात."

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. असा एक माणूस मी लहानपणापासून जवळून पाहिला होता आणि माझा निष्कर्ष निराळा होता. पण साहेबांच्या चहावर आपला बाप काढायचा नसतो. म्हणून तेव्हा गप्प बसले, आणि आता लिहिते आहे.

माझे वडील दौंडला रेल्वेत होते. कोळशाच्या इंजिनावर ते फायरमन होते तेव्हा त्यांचा ड्रायव्हर एक अँग्लो-इंडियन गृहस्थ होता. पप्पा त्याला नुसते "साहेब" म्हणत आणि त्याच्याविषयी बोलताना आवाज किंचित खाली आणत. हा साहेब इंजिनावरच दाढी करी. मालगाडी सिग्नलला तासन्‌तास खोळंबलेली असे. बॉयलरचे कढत पाणी हाताशी होते. दाढी झाली की फावड्याच्या टोकावर भट्टीतला निखारा घेऊन तो पाइप पेटवी. काडेपेटीच्या काडीने तंबाखूला गंधकाचा वास लागतो, असे त्याचे मत होते. पाइप आणि दाढी यांचे नाते माझ्या माहितीत प्रथम असे जुळले: दोन्हींना विस्तव लागत होता, आणि तो इंजिनात फुकट होता. यात धीराचा काही संबंध नव्हता.

साहेब सहकुटुंब ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा जाताना त्याने पप्पांना एक पत्र्याचा ट्रे दिला. त्यात एक पाइप, एक रेझर, एक ब्रश आणि दांडी असलेला पांढरा मग होता. कॉलनीत पप्पांचा दर्जा त्या दिवसापासून वाढला. पुढे कोळशाची इंजिने गेली आणि डिझेल आले. पप्पा आधी असिस्टंट आणि मग ड्रायव्हर झाले. पण डिझेलच्या इंजिनाला ना कढत पाण्याचा नळ, ना निखारा. तेव्हा तो सगळा व्याप उचलून आमच्या क्वार्टरमध्ये आला आणि बॉयलरची जागा आईला मिळाली.

ही उपमा शोभेसाठी नाही. पप्पांची ड्युटी कोणत्याही वेळी संपे. दारात त्यांच्या बुटांचा आवाज आला, की आईने पाणी चढवायचे, शेगडीतला एक चांगला निखारा राखेखाली जपून ठेवायचा आणि पाइप भरून झाला की चिमट्यात धरून पुढे करायचा. तिला ताप असो, पाहुणे असोत, यात खंड पडला नाही.

पाण्याची आणखी एक कटकट होती. दौंडचे पाणी जड. साबण घासला की फेसाऐवजी चोथा येई. पप्पा चिडून ब्रश मगवर आपटत. आई बिचारी साबण बदलून पाही. अकरावीत पाण्याच्या जडपणाचा धडा झाला, तेव्हा मी घरी येऊन आईला सांगितले, "रात्री पाणी चांगलं उकळ, तसंच निवू दे, आणि सकाळी वरचं तेवढं गरम करून दे. तळाचा पांढरा गाळ हलवू नकोस." दुसऱ्या दिवशी फेस असा दाट चढला की पप्पा आरशात बघून प्रसन्न झाले. शेजारच्या गार्डकाकांना त्यांनी तो फेस दाखवला आणि म्हणाले, "हाताची कला आहे ही." आई पदरात हसली. माझ्या आयुष्यातला पहिला यशस्वी प्रयोग असा दुसऱ्याच्या हाताच्या नावावर जमा झाला.

घरात एक नियम होता: दाढीत बोलायचे नाही. म्हणजे पप्पा दाढी करत असताना त्यांच्याशी कोणी बोलायचे नाही, कारण हात हलेल. तो सेफ्टी रेझर होता. त्याने फार तर सालपट निघाले असते. पण नियम साहेबाचा होता आणि साहेब केव्हाही हलेल अशा इंजिनावर दाढी करत असे. दाढीनंतर पाइप. तेव्हाही बोलायचे नाही, कारण तंद्री मोडते आणि पाइप विझतो. पाइपनंतर झोप. झोपेतून उठल्यावर ड्युटी. या वेळापत्रकात बोलण्याची वेळ कुठे होती, हे मी पुष्कळदा शोधून पाहिले आहे.

ते मुळात अबोल असते तर माझी तक्रार नव्हती. ते अबोल नव्हते. रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या विश्रांतीच्या खोलीत, त्यांचे किस्से ऐकायला माणसे डबा उघडायचे थांबत. विहारात जयंतीच्या सभेला ते हमखास बोलत आणि सुंदर बोलत. "मुलगा शिकला तर एक माणूस शिकतो, मुलगी शिकली तर घर शिकतं," हे वाक्य ते असे म्हणत की मागच्या रांगेतल्या बाया टाळ्या वाजवीत. मी पुढच्या रांगेत बसून तो स्पष्ट, खणखणीत आवाज ऐके. घरी तो आवाज येत नसे. घरी तोंडाला फेस असे किंवा तोंडात पाइप.

माझा निष्कर्ष हा होता. घरच्या माणसाला उत्तर न देण्याची सभ्य सोय माणसाला हवी असते. वर्तमानपत्र ही एक सोय आहे, पण ते कोणीही हातातून ओढून घेऊ शकते. ज्याला पाइपची सोय सापडली, त्याला ती दिवसाच्या एका टोकाला पुरते. दुसऱ्या टोकासाठी तो ब्रश आणि मग शोधून काढतो. प्लास्टिकच्या रेझरने दाढी पटकन होते, हाच त्याचा दोष.

बीएस्सीची वर्षे मी शिरूरला मामाच्या घरी राहून काढली. मामा आईचा धाकटा भाऊ. जीव लावणारा, बोलघेवडा आणि उतावळा. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि पाठोपाठ पुण्याला विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एमएस्सीला माझी निवड झाल्याचे कळले. सोमवारी हजर राहून प्रवेश पक्का करायचा होता, आणि वसतिगृहासाठी पालकाला सोबत आणायचे होते. मला फक्त पप्पांचा एक शब्द हवा होता. मी दौंडला आले, आईला सांगितले. आई म्हणाली, "त्यांच्या कानावर घाल." मी संध्याकाळी घातले. पप्पा पाइपमधली तंबाखू अंगठ्याने दाबत होते.

"पप्पा, सोमवारी पुण्याला जायचंय. तुम्ही याल ना?"

"हं," ते म्हणाले, आणि निखाऱ्यावर झुकले.

दुसऱ्या सकाळी मामा शिरूरहून पहिल्या एसटीने आला. त्याने एक स्थळ आणले होते. मुलगा शिक्रापूरच्या बाजूला एका कारखान्यात सुपरवायझर, नोकरी पक्की, घर स्वतःचे. पप्पा खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करत होते. मी नियमाप्रमाणे टॉवेल घेऊन दारात उभी होते. मामाला नियम माहीत होता, पण पोटात मावत नव्हते.

"दाजी, तुमी बोलू नका. मी बोलतो, तुमी निस्तं ऐका," असे म्हणून त्याने खुर्ची जवळ ओढली. "पोरगं लाखात एक हाय. ना सुपारी, ना तंबाखू. म्हंजी तुमच्याबी म्होरं गेला की वो! पोरीला फोटोत बघितलीय, पसंत हाय. त्यांचं म्हननं, रविवारी बैठक करू आन् सुपारी फोडू. मग? देऊ का शब्द?"

पप्पांचे दोन्ही गाल झाले होते. आता गळा राहिला होता. गळ्याची दाढी करताना कातडी ताणावी लागते, त्यासाठी हनुवटी वर उचलावी लागते. त्यांनी हनुवटी उचलली, रेझर फिरवला आणि तो मगात बुडवण्यासाठी मान खाली घेतली. मग पुन्हा वर, पुन्हा खाली.

"बास!" मामाने मांडीवर थाप मारली. "दाजींनी मान हलवली. आक्का, च्या टाक. ठरलं!"

मी जे पाहिले ते सांगते आहे. तो होकार नव्हता. तो गळा होता. ज्याने आयुष्यात एकदा दाढी केली आहे त्याला हे कळायला हवे, आणि मामा रोज दाढी करत असे. पण होकार ऐकायलाच आलेल्या माणसाला हलणारी कोणतीही मान पुरते. पप्पांनी "ठरलं" हा शब्द स्वच्छ ऐकला. आरशात त्यांची नजर मामाकडे गेली. तोवर फेस जवळजवळ उतरला होता आणि फक्त वरचा ओठ राहिला होता. त्यांनी नाक चिमटीत धरले आणि वरचा ओठ करायला घेतला.

मामा चहा पिऊन, साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल एवढ्या आनंदाने परत गेला. संध्याकाळी मी पप्पांपुढे उभी राहिले.

"पप्पा, तुम्ही मामाला हो म्हणालात?"

"हं."

"हं म्हणजे हो, की नाही?"

त्यांनी पाइप तोंडातून काढला, त्यातली राख पाहिली, पुन्हा तोंडात धरला आणि चिमट्यासाठी आईकडे हात केला. आईने निखारा देता देता मला डोळ्यांनी मागे सारले. स्वयंपाकघरात ती कुजबुजली, "आता नको. तंद्री मोडली की दिवसभर धुसफुसत्यात."

"आई, माझ्या लग्नाची गोष्ट आहे."

"व्हय गं. पर पाइप व्हऊ दे."

पाइप होण्याआधीच ड्युटीचे बोलावणे आले. पप्पा गेले ते शनिवारी परतले. आल्या आल्या पाणी, फेस, निखारा, झोप. रविवारी सकाळी आम्ही तिघे शिरूरच्या एसटीत बसलो. निघण्यापूर्वी पप्पांनी अर्थातच दाढी केली होती, त्यामुळे मला काही विचारता आले नाही.

शिरूरला मामाच्या अंगणात सतरंजी अंथरली होती. मुलाकडचे आठ-दहा जण होते. त्यांच्यातले वडीलधारे, मुलाचे चुलत आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणत. पप्पांना खुर्ची दिली. त्यांनी खिशातून पाइप काढला, आणि मामीने न सांगता निखारा आणून दिला, इतकी ही कीर्ती शिरूरपर्यंत पोचली होती. मी स्वयंपाकघराच्या दारामागे होते. माझा सगळा हिशेब एवढाच होता: आता आई मध्ये नाही, ड्युटी नाही, झोप नाही. परके लोक समोर बसून थेट विचारणार आहेत. सभेत बोलतो तो आवाज या माणसाच्या छातीत आहे. "माझी मुलगी पुढे शिकणार आहे," एवढे पाच शब्दही नको होते. "थांबा" म्हटले असते तरी चालले असते.

"काय म्हंता पाव्हणं?" आबांनी विचारले. "फोडायची का सुपारी?"

पप्पांनी धूर सोडला.

"इंजिनावालं हायती," मुलाकडचा एक जण म्हणाला. "धूर तर लय काढत्यात. गाडी कवा सुटायची?"

सगळे हसले. पप्पाही पाइपच्या दांडीभोवती हसले. मामा घाईघाईने म्हणाला, "आवं सिग्नल कवाच दिलाय! माझ्यासमूर मान हलवलीया."

आबांनी सुपारी हातात घेतली. मी दारातून बाहेर आले.

"सुपारी फोडू नका," मी म्हणाले. "पप्पांनी होकार दिलेला नाही. ते तेव्हा गळ्याची दाढी करत होते. मला उद्या पुण्याला एमएस्सीला प्रवेश घ्यायचा आहे."

आधी कोणाला काही समजलेच नाही. मग मघाचाच तो माणूस फिस्सकन हसला आणि आबांच्या नजरेने गप्प झाला. मामाचा चेहरा उतरला. "दाजी, सांगा की! आवं, मान हलवली का न्हाई तुमी?"

पप्पांनी पाइप तोंडातून काढला. सगळे अंगण त्यांच्या ओठांकडे पाहू लागले. आई भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर दातांत धरला. पप्पांनी पाइप खुर्चीच्या पायावर हलकेच आपटला, राख पाडली आणि रिकामा पाइप पुन्हा दातांत धरला.

आबा उठले. त्यांनी सुपारी ताटात ठेवली आणि मामाकडे वळून, रागाने नव्हे, निवाड्याच्या सुरात ते म्हणाले, "ज्या घरात पोरीला बोलावं लागतं आन् बाप बोलत न्हाई, तिथं सोयरीक कुनाशी करायची?" त्या दिवशी अंगणात उच्चारले गेलेले सर्वांत बरोबर वाक्य त्यांचेच होते. ते मला झोंबले, कारण दोष त्यांनी मला दिला नव्हता.

मामा आम्हाला सोडायला स्टँडपर्यंत आला. "पोरी, माझं तोंड कुठं ठिवू आता?" एवढे म्हणाला आणि गाडी सुटायच्या आत परत फिरला.

आता त्या परतीच्या प्रवासाबद्दल, कारण हे सगळे मी त्याच्यासाठी सांगते आहे. गाडीला गर्दी नव्हती. आई पुढच्या बाकावर डोळे मिटून बसली. मी पप्पांच्या शेजारी. न्हावरे मागे पडले तसा त्यांनी पाइप काढला. कंडक्टर तिकिटाच्या पेटीवर पंच वाजवत आला. "सायेब, इडी-काडी गाडीत न्हाई बरं का," तो म्हणाला. पप्पांनी पाइप मुकाट खिशात घातला.

म्हणजे आता पाइप नव्हता. सकाळीच घोटून केल्यामुळे दाढीही नव्हती. दौंड यायला अवकाश होता आणि शेजारी मी होते. प्रयोगात ज्या घटकावर संशय असतो तो काढून घेतात आणि मग काय उरते ते पाहतात. माझ्या गृहीतकातले दोन्ही घटक त्या कंडक्टरने आणि त्या सकाळने माझ्यासाठी काढून घेतले होते. मी विचारले, "पप्पा, माझं चुकलं का?"

ते खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर ऊस होता, आणि उसानंतर ऊस.

"चुकलं असेल तर चुकलं म्हणा. मला राग यायचा नाही."

पारगावचा पूल आला. खाली भीमेचे पाणी होते. तिकडे ते जरा जास्त वेळ पाहत राहिले.

"मी उद्या पुण्याला जाऊ?"

त्यांचे ओठ एकदा हलले. मी वाट पाहिली. ओठांना पाइप नसल्याची ती सवयीची चाळवाचाळव होती. केडगावला गाडी थांबली तेव्हा ते खाली उतरले, टपरीच्या आडोशाला पाइप पेटवून दोन-चार झुरके घेतले आणि परत येऊन बसले. चौफुला गेला. त्यांनी एक शब्द काढला नाही.

निष्कर्ष माझ्याही विरुद्ध गेला. मी इतकी वर्षे पाइपला आणि ब्रशला दोष देत होते. ती फक्त मौनाची भांडी होती. भांडी काढून घेतली तरी आतले होते तसेच उभे राहिले. ते होकाराचे होते, नकाराचे होते, लाजेचे होते की नुसत्या कंटाळ्याचे, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही सांगता येत नाही. पुढे मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा त्यांनी रनिंग रूममध्ये पेढे वाटले आणि मोठे भाषण केले, असे गार्डकाकांकडून कळले. मी तेथे नव्हते. ते भाषण माझ्यासाठी नव्हते.

दौंडला घरात शिरल्यावर त्यांनी बूट काढले, शर्ट खुंटीला लावला आणि आईला म्हणाले, "उद्याचं पाणी ठेव."

त्या दिवसाचे त्यांचे हे एवढेच बोलणे.

आईने पातेले चढवले. ज्वाला नीट करून ती माझ्याकडे वळली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "सकाळची शटल हाय ना? मी येते तुझ्यासंगं." आई हीसुद्धा पालक असते, हे आमच्या घरात तोवर कोणाला सुचले नव्हते, मलाही नाही.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा पप्पा आरशापुढे होते. फेस दाट आला होता. नियम मोडून मी म्हणाले, "येते, पप्पा." त्यांनी हनुवटी वर उचलली. मामा असता तर त्याला त्यात निरोप दिसला असता, कदाचित आशीर्वादही. मला गळ्याची दाढी दिसली. मी बॅग उचलली.

वसतिगृहाच्या कार्यालयात आईने आपले नाव सावकाश, पण न चुकता सांगितले. मला खोली मिळाली. आईने पलंगाची गादी दाबून पाहिली, खिडकी उघडून बंद केली आणि घड्याळाकडे पाहिले. मी म्हटले, "राहा की आज. एक दिवस करतील ते त्यांचं त्यांचं."

"छे गं," ती म्हणाली, "पाणी निवायला वेळ लागतो."

ती संध्याकाळच्या गाडीने दौंडला परतली आणि दुसऱ्या सकाळचे पाणी तिने रात्रीच उकळून, गाळ हलू न देता, झाकून ठेवले.